प्रोबचं रीडिंग दर वेळी वेगळं का येतं? हाय स्पीड इनपुट घेण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप, फॅनुक कंट्रोलची व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं सीएनसी मिलिंग मशीन), तिच्यावर नवा टच प्रोब (जॉबला टेकून जागा मोजायचं उपकरण). कास्टिंगच्या मशीन केलेल्या फेसवर एकाच जागी दहा वेळा झेड (उंची) घेतला, तर सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठ्या रीडिंगमध्ये ०.०४ मिमीचा फरक. फीड एफ५००, म्हणजे मिनिटाला ५०० मिमी. प्रोबच्या कागदावर रिपीटेबिलिटी (पुन्हा पुन्हा तेच रीडिंग देण्याची क्षमता) १ मायक्रॉन, म्हणजे ०.००१ मिमी, लिहिलेली. सिग्नल एका रिलेमधून इनपुट कार्डाला आणि तिथून लॅडरमधून (कंट्रोलमधल्या पीएलसीच्या प्रोग्रॅममधून) कंट्रोलला. सर्व्हिसवाले म्हणतात, हाय स्पीड स्किप इनपुटचा (प्रोबचा सिग्नल कंट्रोलने जलद टिपण्याच्या सोयीचा) ऑप्शन घ्या, प्रश्न मिटेल. घ्यावा का?

घेतलात तर पैसे वाया जातीलच असं नाही. पण नुसता ऑप्शन घेऊन वायरिंग आहे तसंच ठेवलंत, तर फरक जवळपास तेवढाच राहील आणि मग तुम्ही प्रोबवाल्याशी भांडायला जाल. म्हणून आधी प्रश्न जरा वेगळा मांडतो: प्रोब टेकल्यापासून कंट्रोल पोझिशन लिहून घेईपर्यंत किती वेळ जातो, आणि तो वेळ दर खेपेला सारखाच असतो का? उद्यमनगरापासून कागलपर्यंत जुन्या मशिनांना नवे कंट्रोल आणि प्रोब बसवण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली. प्रोबच्या बहुतेक तक्रारी शेवटी याच दोन गोष्टींवर येऊन थांबल्या.

प्रोब हा एक स्विच आहे. पोटात तीन दांड्या गोळ्यांवर टेकलेल्या असतात, स्टायलसला (टोकाच्या सुईला) धक्का लागला की त्यांतला एक संपर्क सुटतो. डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी १९७२ साली रोल्स-रॉइसमध्ये काँकॉर्ड विमानाच्या ऑलिम्पस इंजिनातल्या इंधनाच्या नळ्या मोजण्यासाठी हा प्रकार काढला. पन्नास वर्षं उलटून गेली, तरी मशिनांवरचे कितीतरी प्रोब आजही त्याच तत्त्वावर चालतात. तो स्वतः काही मोजत नाही, फक्त "आत्ता!" म्हणतो. त्या क्षणी अक्ष कुठे होता हे सांगायचं काम एन्कोडरचं (मोटरचे फेरे मोजणाऱ्या सेन्सरचं) आणि कंट्रोलचं. कागदावरचा १ मायक्रॉन म्हणजे ठरावीक स्टायलस आणि ठरावीक वेग असताना प्रोब "आत्ता" किती नेमकेपणाने म्हणतो, एवढंच. ऐकणाऱ्याची हमी प्रोबवाला देत नाही.

आता ऐकणाऱ्याचं बघू. केएमटीच्या बसमध्ये तुम्ही मागच्या सीटवर बसलाय. आपला स्टॉप गेला हे लक्षात आल्यावर तुम्ही ओरडता, पुढे गप्पा मारत असलेला कंडक्टर वळतो, बेल मारतो, ड्रायव्हर ऐकतो. ड्रायव्हरला विचारलं, "प्रवासी कुठे ओरडला?" तर तो बेल ऐकली तिथली खूण सांगणार. कंडक्टर कधी लगेच बेल मारतो, कधी सुट्टे पैसे मोजत असतो. म्हणून ड्रायव्हरची खूण रोज वेगळी. तुमच्या मशीनमध्ये आत्ता ड्रायव्हरला विचारून मोजमाप चाललंय. हाय स्पीड इनपुट म्हणजे ओरडतानाच तुम्ही स्वतः खिडकीतून दुकानाची पाटी वाचून ठेवायची. बस पुढे कुठे थांबली याच्याशी मोजमापाचा संबंध राहत नाही.

एक गणित पाठ करून ठेवा. एफ६० म्हणजे सेकंदाला १ मिमी, म्हणजेच मिलिसेकंदाला १ मायक्रॉन. एफ५०० ला मिलिसेकंदाला ८.३ मायक्रॉन. तुमचा ४० मायक्रॉनचा फरक ८.३ ने भागला की जवळपास ५ मिलिसेकंद येतात. त्यात आणखी एक बारकावा आहे. उशीर जर शून्य ते अमुक वेळेच्या मध्ये कुठेही पडत असेल, तर दहा रीडिंगमध्ये पूर्ण पल्ला सहसा दिसत नाही, सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास दिसतो. म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६ मिलिसेकंदांची डगमग असावी.

कंट्रोलच्या कागदांशी हे ताडून बघा. फॅनुकच्या साध्या स्किप सिग्नलला कंट्रोलच्या बाजूने ० ते २ मिलिसेकंदांचा उशीर सांगितलेला आहे, हाय स्पीड स्किपला ०.१ मिलिसेकंद किंवा कमी. साधा स्किप नीट जोडलेला असता, तर एफ५०० ला जास्तीत जास्त १७ मायक्रॉनची डगमग दिसली असती. तुमची, ६ मिलिसेकंदांच्या हिशेबाने, त्याच्या तिप्पट आहे. म्हणजे कंट्रोलपर्यंत पोहोचण्याआधीच सिग्नल कुठेतरी रेंगाळतोय.

कुठे, तेही सांगतो. साध्या रिलेचं आर्मेचर हलायला ५ ते १५ मिलिसेकंद लागतात, आणि कॉइल गरम झाली, संपर्क काळे पडले की तो आकडा बदलतो. मग इनपुट कार्डाचा फिल्टर. नॉइज गिळण्यासाठी तो मुद्दामच ठेवलेला असतो. त्यानंतर लॅडरचा स्कॅन, म्हणजे लॅडर वरपासून खालपर्यंत वाचायची एक फेरी. सिग्नल स्कॅनच्या सुरुवातीला आला की लगेच दिसतो, जरा चुकला की पुढच्या फेरीपर्यंत थांबतो. ही थांबण्याची वेळ दर खेपेला वेगळी, कारण प्रोबचं टेकणं आणि लॅडरची फेरी यांचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. माझा पहिला संशय याच स्कॅनवर आहे. पण संशयावर पैसे खर्च करू नका. अर्ध्या तासात फुकट तपासता येतं.

टेबलवर एक ग्राउंड केलेला ब्लॉक किंवा स्लिप गेज नीट दाबून बसवा. कास्टिंग नको, त्याचं कारण पुढे सांगतो. एकाच बिंदूवर, एकाच उंचीवरून, दहा वेळा एफ५०० ने टेका. मग दहा वेळा एफ२५० ने, मग दहा वेळा एफ५० ने. मधे प्रोब स्पिंडलमधून काढायचा नाही. रीडिंग ज्या क्रमाने आली त्याच क्रमाने कागदावर लिहा, नुसतं किमान-कमाल नको.

फरक ४०, २०, ४ असा फीडच्या प्रमाणात उतरला, तर दोष वेळेचा. विषय सिग्नलच्या वाटेचा आहे, आणि खालचं सगळं तुम्हाला लागू पडतं. तिन्ही फीडला फरक साधारण तेवढाच राहिला, तर हाय स्पीड इनपुट विसरा. स्टायलस हाताने घट्ट करून बघा, प्रोबची शँक आणि स्पिंडलचा टेपर पुसा, झेडच्या बॉलस्क्रूचं बेअरिंग आणि कपलिंग बघा. टेपरमध्ये अडकलेला एक चिप माणसाला दोन दिवस पळवतो. मी पळलोय.

आकड्यांच्या क्रमातही माहिती असते. रीडिंग सगळ्या पट्ट्यात इकडेतिकडे विखुरलेली असली तर स्कॅन किंवा फिल्टर. दोनच गटांत पडली, म्हणजे काही ०.०१२ च्या आसपास आणि काही ०.०४५ च्या, मधे काहीच नाही, तर काहीतरी दोन जागांवर बसतंय: सैल स्टायलस, क्लॅम्प, किंवा प्रोबच्या आतली दांडी नीट घरात न परतणं. एकाच दिशेने सरकत गेली, तर उष्णता. पाचशे मिमी लांबीचा स्टीलचा स्क्रू ५ अंशांनी तापला की सुमारे २९ मायक्रॉन वाढतो, आणि मोटरवरच्या एन्कोडरला ही वाढ दिसतच नाही, कारण तो फक्त फेरे मोजतो. ती अक्षालगत बसवलेल्या लिनियर स्केलला दिसते. सकाळी सातच्या शिफ्टचं आणि दुपारी तीनचं रीडिंग जुळत नसेल, तर कोणतंही इनपुट कार्ड तुम्हाला वाचवणार नाही.

आता उशिराच्या दोन जातींबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. मीही फसलोय. स्थिर उशीर हा शत्रू नाही. प्रोब टेकल्यावर कंट्रोल दर वेळी बरोबर ६ मिलिसेकंद उशिरा जागा होत असेल, तर कॅलिब्रेशनमध्ये तो उशीर आपोआप वजा होतो. वायरलेस प्रोबमध्ये सिग्नल पाठवायलाच काही मिलिसेकंद जातात आणि तरी लोक त्यांनी मायक्रॉनमध्ये कामं करतात, ते याच जोरावर. अट एकच: ज्या फीडने कॅलिब्रेट केलं त्याच फीडने मोजायचं.

साधारण २०११ च्या सुमाराला गोकुळ शिरगावातल्या एका शॉपमध्ये मी प्रोब बसवून दिला होता. रिंग गेजवर एफ१०० ने कॅलिब्रेशन केलं, बोअरचं सेंटर मोजून दाखवलं, मायक्रॉनला मायक्रॉन जुळलं, चहा घेऊन निघालो. महिन्याभराने तिथल्या म्हाताऱ्या सेटरचा फोन. सगळं शॉप त्यांना मामा म्हणायचं. "साहेब, ह्यो प्रोब बोअर मोठा सांगतोय. गेजला बरोबर, प्रोबला पॉइंट वन जास्त. आन् सेंटर मातूर एकदम करेक्ट." मला पटेना. मी म्हटलं, "मामा, सेंटर बरोबर असेल तर साइझ कसा चुकेल?" गेलो, बघितलं. सायकल टाइम वाचवायला कुणीतरी फीड एफ६०० केला होता. एफ१०० आणि एफ६०० मधला फरक म्हणजे सेकंदाला ८.३ मिमी. माझ्या वायरिंगमधला सरासरी उशीर ६ मिलिसेकंदांच्या आसपास. एका बाजूला ५० मायक्रॉन, दोन्ही बाजू मिळून ०.१ मिमी. मामांचा आकडा अचूक होता.

सेंटर बरोबर का आलं? कारण डावीकडची चूक आणि उजवीकडची चूक सारखीच, विरुद्ध दिशेला. मध्य काढताना दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. साइझमध्ये मात्र त्यांची बेरीज होते. बोअर मोठा दिसतो, बॉस (बाहेर आलेला गोल भाग) लहान दिसतो. आणि एकाच बाजूने टेकून घेतलेल्या फेसच्या झेडला, म्हणजे तुमच्या कामाला, चूक खायला समोर कुणीच नसतं. म्हणून "आमचं सेंटर तर एकदम छान येतं" हा प्रोब ठीक असल्याचा पुरावा मी तेव्हापासून मानत नाही. फीडचा आकडा प्रोग्रॅममध्ये लिहायचा नाही, मॅक्रोमध्ये (प्रोग्रॅममधून बोलवायच्या उप-प्रोग्रॅममध्ये) एकाच ठिकाणी ठेवायचा, हीही सवय तिथूनच लागली.

सर्वो लॅगबद्दल फार कमी बोललं जातं. अक्ष हलत असतो तेव्हा तो कमांडच्या मागे असतो. किती मागे, तर वेग भागिले पोझिशन लूपचा गेन (मागे पडलेला अक्ष किती जोरात ओढायचा, तो आकडा). गेन सेकंदाला ३० धरला, तर एफ६० ला ३३ मायक्रॉन आणि एफ१००० ला तब्बल ०.५६ मिमी. कंट्रोलने प्रोबच्या क्षणी एन्कोडरची खरी पोझिशन न घेता कमांडची पोझिशन टिपली, तर एवढी चूक सरळ रीडिंगमध्ये शिरते. फॅनुकमध्ये पॅरामीटर ६२०१ मध्ये ही मागे राहिलेली पोझिशन हिशेबात घेऊन दुरुस्त करायची सोय आहे. हाय स्पीड स्किप चालू करणारा बिट ६२०० मध्ये. दोन्ही तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलशी ताडूनच बदला, आधी सगळे पॅरामीटर बॅकअप करून. लॅगची चूकही वेग स्थिर असेल तर स्थिर असते आणि कॅलिब्रेशनमध्ये निघून जाते. पण अक्ष वेग घेत असतानाच प्रोब टेकला, तर ती स्थिर राहत नाही. म्हणून एफ५०० सारख्या वेगाने टेकायच्या आधी दोन-तीन मिमी मोकळी धाव द्या. पाव मिमीवरून एफ५०० ने टेकणाऱ्या प्रोग्रॅमला स्थिर वेग मिळालाय हे गृहीतच धरता येत नाही.

मग तुम्ही काय करावं? मी तुमच्या जागी असतो तर आधी रिले काढला असता. प्रोबच्या इंटरफेसमधून बहुतेक वेळा सॉलिड स्टेट आउटपुट मिळतं, त्याला मधे रिले लागतच नाही. व्होल्टेज जुळत नसेल तर ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा छोटा भाग) लावा, तो मिलिसेकंद खात नाही. दुसरं, सिग्नल लॅडरमधून फिरवण्याऐवजी स्किपच्या ठरलेल्या इनपुटला, म्हणजे एक्स४.७ ला, थेट न्या. हा पत्ता कंट्रोल लॅडरला न विचारता वाचतो. या दोन गोष्टींना एक दुपार आणि थोडी वायर लागते. एवढं केल्यावर तुमची डगमग २ मिलिसेकंदांच्या आसपास यायला हवी, म्हणजे एफ५०० ला १७ मायक्रॉन.

तिसरं, दोनदा टेका. पहिल्यांदा एफ५०० ने फक्त फेस शोधायचा, ०.५ मिमी मागे यायचं, मग एफ३० ने पुन्हा टेकायचं आणि दुसरंच रीडिंग धरायचं. एफ३० ला मिलिसेकंदाला अर्धा मायक्रॉन. आत्ताचं रिलेवालं वायरिंग तसंच राहिलं तरी ६ मिलिसेकंदांच्या डगमगीचे ३ मायक्रॉनच होतात, आणि नीट वायरिंगवर १ मायक्रॉन. वेळ किती जातो? अर्धा मिमी, सेकंदाला अर्धा मिमी: एक सेकंद. वर थोडं मागे येणं. चाळीस मायक्रॉनचा प्रश्न एका सेकंदात. सर्व्हिसवाल्याने हे का सांगितलं नाही, हे तुम्ही त्यालाच विचारा. कॅलिब्रेशनही याच दोन-टेकी पद्धतीने, याच एफ३० ला पुन्हा करा, नाहीतर मामांचा फोन येईल.

फीड याच्याही खाली ओढायचा मोह टाळा. जुन्या बॉक्स-वे (रुंद सपाट घसरपट्ट्यांच्या) मशीनवर एफ५-एफ१० ला अक्ष सरकत नाही, अडखळत उड्या मारतो, आणि रीडिंग उलट बिघडतं.

हाय स्पीडचा ऑप्शन मग कुणाला लागतो? ज्यांना दुसऱ्यांदा टेकायला वेळच नाही त्यांना. समजा तुमच्या कास्टिंगवर बारा बिंदू आणि शिफ्टला दोनशे नग आहेत. दुसऱ्या टेकण्याचे, मागे येणं धरून, दीड-दोन सेकंद गुणिले बारा, गुणिले दोनशे: शिफ्टमधला एक ते सव्वा तास नुसत्या दुसऱ्या टेकण्यात जाईल. तिथे एकदाच एफ५०० ने टेकून ०.१ मिलिसेकंदाच्या इनपुटने १ मायक्रॉनच्या आत राहणं परवडतं. शिफ्टला चाळीस जॉब आणि जॉबला एक झेड असेल, तर मी ऑप्शनचे पैसे चांगल्या स्टायलसवर आणि एका रिंग गेजवर घातले असते. तुमचे बिंदू आणि नग किती हे प्रश्नात नाही, म्हणून इथे "घ्या" किंवा "नका" असं ठाम म्हणत नाही.

घेतलात, तर वायर हाय स्पीड स्किपच्या कनेक्टरला कंट्रोल युनिटवरच थेट जाते, आयओ कार्डाला नाही. आणि इथे एक नवं दुखणं सुरू होऊ शकतं. हळू इनपुटचा फिल्टर इतके दिवस तुमच्या पॅनेलमधला सगळा कचरा गिळत होता. जलद इनपुट काही गिळत नाही. स्पिंडल ड्राइव्हची केबल शेजारून जात असेल, कूलंट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलला सर्ज सप्रेसर नसेल, तर प्रोब हवेतच "टेकतो". ऑपरेटर म्हणतो प्रोब खराब, प्रोबवाला म्हणतो कंट्रोल खराब. शिल्डेड केबल घ्या, शिल्ड नीट अर्थ करा, पॉवर केबलपासून वेगळ्या ट्रेमधून न्या. प्रोबच्या सिग्नलचा प्रकार असा निवडा की वायर तुटली तर तो "टेकला" असा दिसेल. उलटा निवडलात, तर तुटलेल्या वायरवर स्पिंडल स्टायलसला टेबलापर्यंत घेऊन जाईल. काही कंट्रोलवर सिग्नल चालू होतानाचा क्षण (चढता एज) हवा की बंद होतानाचा (उतरता) हेही सांगावं लागतं. सीमेन्सच्या ८४०डी वर मेस या मोजमापाच्या कमांडला अधिक १ किंवा उणे १ देतात ते यासाठीच.

जी३१ (प्रोब टेकेपर्यंत सरकायची आज्ञा) लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. कटर कॉम्पेन्सेशन चालू असताना जी३१ दिला तर अलार्म येतो, म्हणून आधी जी४० देऊन ते बंद करा. दुसरी जास्त घातक: प्रोब टेकलाच नाही, तरी #५०६३ मध्ये (टेकलेला झेड साठवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) आकडा असतोच, ब्लॉकच्या शेवटच्या बिंदूचा. तो मॅक्रोने गुपचूप ऑफसेटमध्ये टाकला, तर पुढचा कटर कुठे जाईल ते मी सांगायला नको. #५०६३ हा ब्लॉकच्या शेवटच्या बिंदूएवढाच असेल, तर मॅक्रोने #३००० चा अलार्म देऊन थांबलं पाहिजे. तिसरी गोष्ट पहिल्या ट्रायलच्या दिवशी कळते: पॅरामीटर तसा बदललेला नसेल, तर जी३१ च्या हालचालीला फीड ओव्हरराइडचा नॉब लागू होत नाही. ऑपरेटर नॉबवर हात ठेवून निवांत उभा असतो आणि नॉब फिरवून काही होत नाही. पहिली ट्रायल टेबलावर काही न ठेवता, हवेत, स्टायलसला हलक्या बोटाने टेकवून करा.

शिरोलीत आता बरेच जण स्वतःच पीएलसी आणि सर्वोवर एसपीएम (एकाच कामाची खास मशिनं) बांधतात, त्यांच्यासाठी एक वाक्य जास्तीचं. सीमेन्सच्या एस७-१२०० पीएलसीच्या डिजिटल इनपुटचा फिल्टर मुळात ६.४ मिलिसेकंदांवर सेट असतो. तुम्ही इंटरप्ट लिहा, हाय स्पीड काउंटर लावा, फिल्टर खाली आणला नाही तर सगळं ६.४ मिलिसेकंदांमागेच अडणार, आणि एन्कोडरचे पल्स तर मोजलेच जाणार नाहीत. २५०० लाइनचा एन्कोडर १००० आरपीएमला एका चॅनेलवर ४१.७ किलोहर्ट्झ देतो. त्यापेक्षा सरळ मार्ग म्हणजे प्रोबची वायर सर्वो ड्राइव्हच्याच टच प्रोब इनपुटला द्यायची. सीआयए ४०२ प्रोफाइलच्या (ड्राइव्हशी बोलायच्या एका प्रमाणित पद्धतीच्या) ड्राइव्हमध्ये ६०बी८ हा ऑब्जेक्ट त्यासाठीच असतो. पोझिशन ड्राइव्हच्या आतच टिपली जाते, पीएलसीने ती नंतर सावकाश वाचली तरी चालतं.

आता कास्टिंग. टेस्ट गेजवर करा म्हटलं, कारण आपल्याकडच्या सँड कास्टिंगच्या कच्च्या पृष्ठभागावर स्टायलस कधी वाळूच्या कणावर टेकतो, कधी खड्ड्यात. तिथे पाच-दहा मायक्रॉनची चर्चाच फजूल. तुम्ही मशीन केलेल्या फेसवर मोजता म्हणालात ते बरंच आहे, पण फेस मिलिंगनंतर काठाला बर (धातूची खरखरीत कोर) राहते आणि कूलंटमध्ये बारीक चिप तरंगत असतो. टेकायच्या आधी एअर ब्लोचा एक एम कोड, दोन सेकंद. तसंच एका बिंदूऐवजी तीन बिंदूंचा मधला आकडा घ्या, सरासरी नको. एका चिपने सरासरी ओढली जाते, मधला आकडा ओढला जात नाही.

बोअर किंवा बाजू मोजणार असाल, तर प्रोबच्या दिशेचाही विचार करा. तीन दांड्यांच्या रचनेमुळे वेगवेगळ्या दिशांनी ढकलताना स्टायलस वाकून संपर्क सुटेपर्यंतचं अंतर थोडं वेगळं असतं. एम१९ ने स्पिंडल एकाच दिशेला थांबवून मोजा आणि रिंग गेजवर त्याच दिशांनी कॅलिब्रेट करा. फक्त झेड घेणाऱ्याला याचा त्रास जवळपास नाही.

पहिल्या टेकण्याचा वेग किती वाढवता येईल, हे बरेच जण स्टायलस मोडल्यावर विचारतात. एफ३००० म्हणजे सेकंदाला ५० मिमी. ३० गेनला लॅगच १.७ मिमी, सिग्नलला १० मिलिसेकंद लागले तर आणखी ०.५ मिमी, वर ब्रेक मारायला लागणारं अंतर. प्रोबच्या कागदावर झेड दिशेला किती ओव्हरट्रॅव्हल चालतं ते बघा आणि त्याच्या निम्म्याच्या आत राहा. इनपुट जलद असला तरी टेबल तितकंच जड असतं. पोझिशन अचूक टिपली जाईल, पण अक्ष थांबायला जे अंतर लागतं ते लागणारच.

तिन्ही फीडची तीस रीडिंग, ज्या क्रमाने आली त्या क्रमाने, इथेच लिहा. सोबत कंट्रोलच्या पाटीवरचं मॉडेल, रिलेचा नंबर, आणि शिफ्टला किती जॉब आणि जॉबला किती बिंदू ते. तोवर रिले काढून ठेवलात तरी चालेल.